कोणाच्या शेजारी कोण

शाळेत मी बत्तीस वर्षे मराठी आणि इतिहास शिकवला. विज्ञानाशी माझा संबंध आला तो ऑफ तासापुरता. त्यामुळे मी रसायनावर लिहितोय हे पाहून आमच्या घरातली विज्ञान शाखेची मंडळी गालातल्या गालात हसतील. (हसू द्या. चुका काढायला फोन करतीलच, त्या निमित्ताने बोलणे तरी होईल.) पण खरे सांगायचे तर हा विषय इतिहासाचाच आहे. लढाया आणि तहांचा जसा इतिहास असतो, तसाच एखादी गोष्ट माणसाला केव्हा कळली, कशी कळली आणि कशावरून पटली, याचाही असतो. शाळेच्या पुस्तकात मात्र तो एका ओळीत उरकलेला असतो. अमिनो आम्ले एकमेकांना जोडली जाऊन प्रथिने बनतात, ही त्यातलीच एक ओळ. मुले ती पाठ करतात, दोन गुण मिळवतात आणि विसरतात. ती ओळ ठामपणे लिहिता यावी म्हणून पन्नासहून अधिक वर्षे खर्ची पडली आहेत.

आधी मला समजले तेवढे रसायन सांगतो. बालवाडीतली मुले झुकझुक गाडी खेळतात ती आठवा. प्रत्येक मूल पुढच्याचा सदरा मागून पकडते. म्हणजे प्रत्येकाला पुढचे टोक वेगळे आणि मागचे टोक वेगळे. अमिनो आम्लाचेही तसेच आहे. एका टोकाला नायट्रोजनवाला अमिनो गट, दुसऱ्या टोकाला आम्लाचा कार्बोक्सिल गट. एकाचे आम्लाचे टोक दुसऱ्याच्या अमिनो टोकाला जुळले की मधून पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि जोड पक्की होते. याला पेप्टाइड बंध म्हणतात. पुढे पोटात अन्न पचते तेव्हा नेमके उलटे होते. पाणी परत आत शिरते आणि साखळी सुटते. दूध नासते, अंडे उकडते, तेव्हा साखळीची फक्त घडी मोडते, जोड तशीच राहते. नुसत्या पाण्यात ठेवली तर ही जोड आपण होऊन सुटायला शेकडो वर्षे लागतील, इतकी ती चिवट असते.

प्रथिनांत वापरली जाणारी अमिनो आम्ले मुख्यतः वीस. सुरुवातीला सापडलेल्यांपैकी एक, ग्लायसिन, १८२० साली ब्राकोनो नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला जिलेटिन आम्लात उकळताना मिळाले. गोड लागले म्हणून त्याला ती एक प्रकारची साखरच वाटली. शेवटचे, थ्रिओनिन, सापडायला १९३५ साल उजाडले.

आता गंमत बघा. ही बहुतेक सापडली ती प्रथिने मोडून. आमच्या वेळी परीक्षेच्या प्रश्नपत्रिका खिळ्यांच्या छापखान्यात छापून येत. कंपोझिटर एकेक खिळा उचलून ओळ जुळवायचा, छपाई झाली की मजकूर सोडून खिळे परत ज्याच्या त्याच्या कप्प्यात टाकायचा. सोडलेल्या खिळ्यांवरून तुम्हाला 'क' किती आणि 'म' किती हे मोजता येईल, पण छापले काय होते, 'कमल' की 'कलम', ते कसे सांगणार? प्रथिन आम्लात उकळणे म्हणजे मजकूर सोडून खिळ्यांचा ढीग करणे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रसायनशास्त्रज्ञांसमोर असा ढीग होता. खिळे एकमेकांना कसे धरून बसतात हेसुद्धा ठाऊक नव्हते.

ते कळले २२ सप्टेंबर १९०२ रोजी. जागा कार्ल्सबाड, तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात आणि आज चेक प्रजासत्ताकात असलेले गरम झऱ्यांचे गाव. जर्मन निसर्गशास्त्रज्ञ आणि वैद्यांचे संमेलन भरले होते. सकाळी फ्रान्झ हॉफमाइस्टर बोलले, दुपारी एमिल फिशर. दोघांनी एकमेकांशी न ठरवता एकच गोष्ट सांगितली, की अमिनो आम्ले एकाचे आम्लाचे टोक दुसऱ्याच्या अमिनो टोकाला, अशी जोडलेली असतात. इतिहासात असे योग फार थोडे.

हॉफमाइस्टर यांचा एक आधार शाळेच्या प्रयोगशाळेतही दाखवता येतो. अंड्याच्या पांढऱ्यात कॉस्टिक सोडा आणि किंचित मोरचूद घातले की जांभळा रंग येतो. आमच्या शाळेतले विज्ञानाचे सर हा प्रयोग करायचे तेव्हा मुले बाकावर उभी राहून बघायची. तो जांभळा रंग त्या जोडीचा असतो. प्रथिन पुरते पचवून सुटे केले की रंग येत नाही. म्हणजे जे नाहीसे झाले ती जोडच.

फिशर यांची रीत वेगळी. ते म्हणत असणार, नुसते सांगून काय उपयोग, जोडून दाखवतो! त्यांच्या लाकडाच्या व्यापारी वडिलांनी हा मुलगा धंद्याच्या कामाचा नाही, तेव्हा याने शिकावे, असे ठरवून टाकले होते म्हणतात. (असे निकाल पालकसभेत मी पुष्कळ ऐकलेत.) १९०१ मध्येच त्यांनी फुर्नो या सहकाऱ्याबरोबर दोन ग्लायसिन जोडून दाखवले होते. 'पेप्टाइड' हा शब्द त्यांचाच. साखरेवरच्या आणि प्युरिनवरच्या कामासाठी १९०२ चे नोबेल त्यांना मिळाले, पण मन या साखळीत अडकलेले होते. दोनाचे तीन, तीनाचे चार करत १९०७ मध्ये ते अठरा दुव्यांपर्यंत पोचले. त्यात पंधरा ग्लायसिन आणि तीन ल्युसिन. आज हे क्षुल्लक वाटेल. तेव्हा एक दुवा वाढवायचा म्हणजे नको ते टोक झाकून ठेवायचे, हवे ते उघडे ठेवायचे, जोडायचे, पुन्हा शुद्ध करायचे. प्रत्येक पायरीवर माल घटत जायचा. अठराव्या दुव्यावर ते थांबले.

फिशर यांचे पुढचे दिवस वाचताना वाईट वाटते. बायको लग्नानंतर सात वर्षांतच गेली होती. पहिल्या महायुद्धाच्या काळात तीनपैकी दोन मुलगे गेले. प्रयोगशाळेतल्या विषारी द्रव्यांनी प्रकृती पोखरलेली होती. १९१९ मध्ये ते वारले. प्रथिनाचा रेणू फार मोठा नसावा, त्याचा रेणुभार चार-पाच हजारांच्या पुढे जात नसावा, हे त्यांचे मत अखेरपर्यंत कायम राहिले. जोड शोधणाऱ्या माणसालाच तिची लांबी किती जाईल याचा अंदाज आला नाही!

त्यांच्यामागे तर काही काळ साखळीवरचाच विश्वास डळमळला. बऱ्याच विद्वानांचे म्हणणे असे की प्रथिन हा एक रेणू नव्हेच, तो लहान लहान रेणूंचा चिकट गोळा आहे. लापशीसारखा म्हणा ना. लापशीला निश्चित आकार नाही आणि क्रमही नाही. मग स्वीडनमध्ये स्वेडबर्ग यांनी १९२०च्या दशकात अतिवेगाने फिरणारे यंत्र बनवून त्यात हिमोग्लोबिन फिरवले. गोळा असता तर लहानमोठे कण आले असते. आले ते सगळे एकाच वजनाचे, आणि रेणुभार भरला सदुसष्ट हजारांच्या आसपास. लापशीची कल्पना तिथून मागे पडू लागली. तरी वाद संपले नाहीत. १९३६ मध्ये डोरोथी रिंच या गणिती विदुषींनी प्रथिने साखळ्या नसून जाळीसारखी कड्यांची रचना आहे अशी सुबक कल्पना मांडली. दिसायला ती इतकी देखणी होती की भलेभले भाळले. पाउलिंग आणि नीमान यांनी १९३९ मध्ये ती खोडून काढली.

याच सुमारास माक्स बेर्गमान यांनी दुसरी एक सुबक कल्पना मांडली. हे फिशर यांचे मदतनीस. १९३२ मध्ये त्यांनी झेर्वास यांच्याबरोबर अमिनो टोक झाकण्याची आणि नंतर अलगद उघडण्याची उत्तम युक्ती काढली, आणि पुढच्याच वर्षी ज्यू म्हणून जर्मनी सोडून त्यांना न्यू यॉर्क गाठावे लागले. तिथे त्यांनी आणि नीमान यांनी असे सुचवले की साखळीत प्रत्येक अमिनो आम्ल ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येत असावे, वृत्तातल्या गणांसारखे. मी मराठीचा शिक्षक, त्यामुळे मला ही कल्पना फारच आवडली. खरी असती तर किती बरे झाले असते! खिळे मोजले की मजकूर कळला.

खरी नव्हती. ते दाखवून दिले फ्रेडरिक सँगर यांनी.

सँगर यांचे जन्मवर्ष १९१८. क्वेकर पंथाच्या घरातले, युद्धात शस्त्र न धरणारे, अबोल गृहस्थ. केंब्रिजला नवे आलेले प्राध्यापक चिबनॉल यांनी १९४३ च्या सुमारास त्यांना इन्सुलिनवर काम करायला सुचवले. इन्सुलिनच का? तर ते शुद्ध स्वरूपात मिळायचे. मधुमेहाचे औषध म्हणून औषधाच्या दुकानात ते होतेच. आमच्या फ्रीजच्या दारात लोणच्याच्या बरणीशेजारी सौ.ची इन्सुलिनची पेने असतात. ती बघून प्रथिनांच्या इतिहासाचे पान समोर आहे असे मला हल्ली वाटते. सौ.ला अर्थातच तसे काही वाटत नाही.

सँगर यांनी असे द्रव्य वापरले जे साखळीच्या मोकळ्या अमिनो टोकाला चिकटते आणि पिवळे दिसते. मग साखळी फोडायची आणि पिवळा झालेला खिळा कोणता ते बघायचे. तो पहिला. इन्सुलिनमध्ये दोन वेगळी पिवळी टोके सापडली, म्हणून साखळ्या दोन. पुढचे काम अवघड. साखळी पूर्ण न फोडता अर्धवट फोडायची, म्हणजे दोन-दोन, तीन-तीन दुव्यांचे तुकडे होतात. ते वेगळे करायला मार्टिन आणि सिंज यांच्या मंडळींची कागदाची पद्धत नुकतीच हाताशी आली होती. टिपकागदावर शाईचा थेंब पडून ओल पसरली की कडेला निळा, जांभळा असे पट्टे वेगळे दिसतात ना, तेच तत्त्व. आमच्या पिढीने शाईचे पेन वापरताना हा प्रयोग रोज केला, पण आम्हाला त्याचे नोबेल कोणी दिले नाही. मार्टिन आणि सिंज यांना १९५२ मध्ये मिळाले.

आता समजा तुमच्याकडे 'रणपो', 'पुर', 'पोळी', 'पुरण' असे चार तुकडे आलेत. एकमेकांवर ठेवून बघा. 'पुरण'चा शेवट 'रणपो'च्या सुरुवातीशी जुळतो, 'रणपो'चा शेवट 'पोळी'शी. पुरणपोळी! सँगर यांनी हेच केले, फक्त त्यांच्या पुरणपोळीला एकावन्न अक्षरे होती आणि ती कोणी आधी खाल्लेली नव्हती. टुपी यांच्याबरोबर तीस दुव्यांची साखळी १९५१ मध्ये पुरी झाली, थॉम्पसन यांच्याबरोबर एकवीस दुव्यांची १९५३ मध्ये. दोन्ही साखळ्या गंधकाच्या टाचण्यांनी कुठे कुठे टाचलेल्या आहेत ते १९५५ मध्ये ठरले. बारा वर्षे एका रेणूवर! १९५८ चे नोबेल त्यांना यासाठी मिळाले. (१९८० मध्ये डीएनए वाचण्यासाठी दुसरे. २०१३ मध्ये ते गेले.)

आणि त्या एकावन्न अक्षरांत काय दिसले? कसलेही वृत्त नाही, यमक नाही, ठरावीक अंतर नाही. पण दर वेळी क्रम तोच. डुकराच्या इन्सुलिनमध्ये माणसाच्या मानाने एकच दुवा वेगळा, गाईच्या इन्सुलिनमध्ये तीन. डुकरातला तो एक दुवा साखळीच्या अगदी टोकाचा. माणसात त्या जागी थ्रिओनिन आहे, तेच सगळ्यात शेवटी सापडलेले.

माझ्या मते या सगळ्या इतिहासातली मोक्याची जागा ही. क्रम ठाम आहे, पण कोणत्याही नियमाने तो काढता येत नाही. मग तो कुठेतरी लिहिलेला असला पाहिजे. पाठ्य समोर असल्याशिवाय कंपोझिटर दर वेळी तीच ओळ कशी जुळवील? १९५३ मध्ये डीएनएची रचना कळली होतीच. आता पेशीतला छापखाना शोधायचा होता.

तो भाग मी थोडक्यात सांगतो, कारण त्याची पुस्तके पुष्कळ आहेत. बॉस्टनमध्ये झामेक्निक आणि होगलंड यांनी उंदराच्या यकृतापासून केलेल्या मिश्रणात किरणोत्सारी अमिनो आम्ले घालून जोडणी कुठे होते ते पाहिले. जागा म्हणजे रायबोसोम. प्रत्येक अमिनो आम्लाला आधी ऊर्जा खर्चून तयार केले जाते आणि टीआरएनए नावाचा एक हमाल ते घेऊन येतो, हे त्यांच्या कामातून १९५०च्या दशकात पुढे आले. मे १९६१ मध्ये अमेरिकेत नीरेनबर्ग आणि माटाय यांनी एकच अक्षर पुन्हा पुन्हा असलेला कृत्रिम मजकूर दिला, तर एकाच अमिनो आम्लाची साखळी बाहेर पडली. लिपीचे पहिले अक्षर लागले. बाकीची लावण्यात हरगोविंद खुराना यांचा मोठा वाटा. पंजाबातल्या रायपूर नावाच्या शंभरेक वस्तीच्या खेड्यात पटवाऱ्याच्या घरी जन्मलेला हा मुलगा पहिली काही वर्षे झाडाखालच्या शाळेत शिकला. १९६८ चे नोबेल त्यांना नीरेनबर्ग आणि हॉली यांच्यासोबत मिळाले. झाडाखालच्या शाळा मीही पाहिल्या आहेत, म्हणून हे लिहिल्यावाचून राहवत नाही.

रायबोसोमची बारीक रचना दिसायला मात्र २००० साल उजाडावे लागले. ते काम करणाऱ्या तिघांत बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर वेंकटरामन रामकृष्णन होते. २००९ चे नोबेल त्यांना स्टाइट्झ आणि योनाथ यांच्याबरोबर विभागून मिळाले. जिथे प्रत्यक्ष जोड होते त्या जागी प्रथिन नाहीच, आरएनए आहे, हे स्टाइट्झ यांच्या गटाने दाखवले. जीवाणूंमध्ये ही जोडणी सेकंदाला पंधरा-वीस दुवे या वेगाने चालते. फिशर यांचे अठरा दुवे आठवतात? एका सेकंदाचे काम.

आता छापखाना म्हटला की मुद्राराक्षस आलाच. १९५७ मध्ये केंब्रिजमध्येच व्हर्नन इन्ग्रॅम यांनी सिकलसेलच्या रुग्णाचे हिमोग्लोबिन तपासले. हिमोग्लोबिनमध्ये चार साखळ्या मिळून ५७४ दुवे असतात. त्यांनी तुकडे पाडून कागदावर पसरले. निरोगी माणसाचा कागद आणि रुग्णाचा कागद शेजारी ठेवले. सगळे ठिपके जागच्या जागी, एक फक्त सरकलेला. पुढे तपासता तपासता कळले की बीटा साखळीतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आहे. बस्, एवढेच. अशा दोन साखळ्या, म्हणजे ५७४ मध्ये दोन दुवे. तेवढ्याने प्राणवायू सोडल्यावर हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटते, लाल पेशी विळ्यासारखी वाकडी होते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकते.

विदर्भातल्या वाचकांना या रोगाची ओळख करून द्यायला नको. आई आणि वडील दोघांकडून तो दोष आला तरच मूल आजारी पडते. एकाकडूनच आला तर माणूस नुसता वाहक, स्वतः ठणठणीत. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, इकडे नंदुरबार, या भागात वाहक पुष्कळ. माझी नोकरीची पहिली अकरा वर्षे चंद्रपूर जिल्ह्यात गेली. सातवीत एक मुलगी होती. अक्षर मोत्यासारखे, पण हजेरीपटात महिन्याला आठ-दहा दिवस गैरहजर. हिवाळ्यात जास्त. हातपाय ठणकतात म्हणायची, डोळे पिवळसर दिसायचे. घरचे वात म्हणत. पुढे नागपूरला रक्त तपासले तेव्हा नाव कळले. तिचा धाकटा भाऊ मात्र तपासणीच्या आधीच गेला होता.

कार्ल्सबाडच्या त्या सभेत बसलेल्यांपैकी कोणाला आपण कशाबद्दल ऐकतोय याची कल्पना असेल? त्यांच्यापुढे प्रश्न होता फक्त एक टोक दुसऱ्या टोकाला कसे चिकटते हा.

केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाचे अभियान सुरू केले आणि २०४७ ची मुदत ठेवली. रक्ततपासणी, वाहकांना समजावणे, हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या, असे त्याचे स्वरूप आहे. मुदत पाळली जाईल का, ते सरकारी कामाचा अनुभव असलेल्यांनी आपले आपण ठरवावे.

ती मुलगी आता पन्नाशीच्या पुढे आहे. अंगणवाडीत काम करते, गोळ्या नियमित घेते, थंडीत अजून त्रास होतो. दिवाळीला तिचा फोन येतो. मागच्या वेळी सांगत होती, गावात सोयरीक ठरायला लागली की दोन्ही घरी जाऊन, पत्रिका नंतर बघा, आधी पोरापोरीचे रक्त तपासून या, म्हणून सांगते. काही घरांत चहा मिळतो, काही घरांत नाही.